जास्तीचा चिरा

१

सेंट जॉनच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाथरवटांच्या खोपीतून मग्दालेना नाहीशी झालेली होती. गवताची गादी जागेवर होती, गादीत तिच्या पाठीचा लांबट खळगा होता, आणि तिच्यावर पांघरलेलं गोणपाट नीट घडी घालून बाजूला ठेवलेलं होतं. पुतळा तेवढा नव्हता.

आता पुतळा म्हणजे काही झग्याखाली लपवून न्यायची वस्तू नव्हे. आमच्या मोंव्हालच्या नव्या चर्चच्या दाराला लावायची, संत मग्दालेनेची ती अखंड शिळा होती, उभी केली तर माझ्या खांद्याला लागेल एवढी. गोल ओंडक्यांवर घालून दोघं जण ढकलू शकले असते. एकट्याचं ते काम नव्हतं.

मी ब्रदर गिरबेर. मठाचा दवाखाना माझ्याकडे आहे. गुडघे कामातून गेलेत, तोंड अजून शाबूत आहे. माझा बाप खाणीत दगड काढायचा, त्यामुळे दगडाशी संबंध असलेलं कुठलंही लचांड उपटलं की ते माझ्याच गळ्यात पडतं. त्या दिवशीही तसंच झालं.

खोपीत गर्दी जमली होती. ज्याने मग्दालेना कोरली तो लांद्रिक रिकाम्या गादीपाशी उकिडवा बसला होता. ओव्हेर्नकडचा हा पोरगा, हात सोन्याचे, स्वभाव तुसडा. आदल्या दिवशी तो मठाधिपतींवर ओरडला होता, ‘तिला हात लावाल तर मी तिला घेऊन निघून जाईन!’ हे साऱ्या गावाने ऐकलं होतं. संध्याकाळी सगळे शेकोटीभोवती नाचत होते तेव्हा हा कुणालाच दिसला नव्हता. जहागीरदाराच्या कोतवालाला आणखी काय हवं? शिळा जहागीरदाराने देवाला वाहिलेली होती. देवाला वाहिलेलं चोरलं तर उजवा हात मनगटापासून जातो.

“शुक्रवारी बिशप येणार, चर्च पवित्र करणार,” कोतवाल म्हणाला. “त्याच्या आत उरकायला हवं. गुरुवारी चौकात.”

“शिळा सापडली तर?” मी विचारलं.

“सापडली तर बघू. तुम्हाला आहे का हौस? शोधा की.”

मठाधिपती लेतबाल्द यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. म्हणजे हुकूम झाला. लांद्रिकचे हात मागे बांधले गेले. पाथरवटाचा उजवा हात गेला म्हणजे माणूस उरतो कुठे? पण तो शांत होता. माझ्याजवळून जाताना जरासा थांबला.

“ब्रदर, तुमचे गुडघे दुखतात ना?” तो हळूच म्हणाला. “मग कशाला वणवण करता? शोधू नका तिला.”

२

ज्याचा हात जाणार आहे तोच शोधू नका म्हणतो, हे काही माझ्या पचनी पडेना. मी आधी मठाधिपतींकडे गेलो.

फादर लेतबाल्द दुष्ट नाहीत. नियमाचे आहेत. ताप आला तरी तो प्रार्थनेच्या वेळा सोडून यावा अशी त्यांची अपेक्षा असते.

“फादर, रागावू नका,” मी म्हटलं, “पण ती शिळा डोळ्यांसमोरून जावी असं वाटणारे पहिले तुम्हीच.”

“मी तिचा चेहरा छाटायला सांगणार होतो. दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत. मला चोरीची गरज काय?”

हे खरं होतं. सगळं भांडण त्या चेहऱ्याचं होतं.

आमच्याकडे कोरीवकाम भिंतीचं चाकर असतं. चौकट अरुंद असेल तर संतही अरुंद होतो, आणि कमान जिथून वळते तिथे त्यालाही मान वाकवावी लागते. मग्दालेनेची मान झुकलेली होती ती कमानीमुळे. मापच तसं दिलं होतं. पण त्या झुकलेल्या मानेवर लांद्रिकने चेहरा ठेवला तो एल्वीसचा.

एल्वीस ही आशार मिस्त्रीची एकुलती मुलगी. आशार आमच्या चर्चचा मुख्य गवंडी. लांद्रिकशी तिचं लग्न ठरलेलं होतं. मग एका हिवाळ्यात ती बोलेनाशी झाली, जेवेनाशी झाली. तिची आई तिला माझ्याकडे घेऊन आली होती. मी काढा दिला. मनाच्या दुखण्यावर माझ्या फडताळात दुसरं काहीच नव्हतं. गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपासात ती नदीत गेली. काठावर तिचे जोडे शेजारी शेजारी ठेवलेले सापडले. पाय घसरलेला माणूस जोडे काढून ठेवत नाही, असं फादर म्हणाले, आणि तिला दफनभूमीत जागा मिळाली नाही. नदीकाठी वाळुंजाच्या झाडाखाली तिला पुरलं. क्रूस नाही, प्रार्थना नाही. त्या दिवशी आशार मिस्त्रीकडे बघवत नव्हतं.

“आत्मघात केलेल्या मुलीचं तोंड चर्चच्या दारात?” फादर म्हणाले. “बिशप तिच्याखालून आत जाणार? मी लांद्रिकला आणि मिस्त्रीला समोर बोलावून सांगितलं, दाराला साधी शिळा लावा, आणि हा चेहरा मला पुन्हा दिसता कामा नये.”

“मिस्त्री काय म्हणाला?”

“काही नाही. ‘बरं’ म्हणाला.” फादर खिडकीकडे वळले. “मला काय आनंद होता का गिरबेर? त्या मुलीचा बाप्तिस्मा मीच केला होता.”

मी जायला उठलो.

“पोन्सच्या भट्टीवर जाऊन बघ,” ते म्हणाले. “काल तिकडे धूर दिसला म्हणतात. चुनखडीचा पुतळा भट्टीत गेला तर त्याचा चुना होतो. मग शोधण्यासारखं काही उरत नाही.”

३

पोन्स चुनेवाल्याच्या भुवया जळून गेलेल्या आहेत, त्यामुळे तो कायम चकित झाल्यासारखा दिसतो.

“मी? संताला जाळलं?” तो म्हणाला. “जाळला असता हो ब्रदर, खोटं कशाला बोलू. माझ्या भट्टीला संत काय नि सैतान काय, दोघांचा चुना पांढराच. पण भट्टीच बंद आहे. हात घाला, आत घाला, भाजला तर माझं नाव बदला.”

मी हात घातला. भट्टी गार होती. तळाशी कोळ्यांनी जाळी केली होती.

“मग धूर कसला?”

“सणाची शेकोटी ती! अख्खं गाव तिच्याभोवती नाचत होतं आणि आता मलाच विचारता? चर्चचं काम संपलं, चुना कुणाला हवाय? शेवटचा नेला तो आशार मिस्त्रीनेच, सणाच्या दिवशी. तोही नुसता उपसून नेला. मी म्हटलं, मिस्त्री, वेदीमागची गाडीवाट बुजवायची तर आहे, एवढ्या चुन्यात तुम्ही दुसरं चर्च बांधाल. तर उत्तरच दिलं नाही.”

चर्च बांधताना दगड आत घ्यायला वेदीमागच्या भिंतीत एक वाट ठेवलेली होती. सगळं झाल्यावर ती बुजवायची असते. सणाच्या दिवशी आशारने गड्यांना दुपारीच सुट्टी दिली होती आणि वाट स्वतः बुजवली होती. आशार आणि सुट्टी! गडी अजून त्याचे गोडवे गात होते.

मी निघणार तेवढ्यात भट्टीपाशी पडलेल्या ढिगाकडे माझं लक्ष गेलं. फुटके तुकडे, खांडकं, बिघडलेल्या एका देवदूताचा पंख. आणि त्यांच्यावर एक लांब घडीव चिरा, चारी कडा गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, कुठे टवका उडालेला नाही.

“हा कुठला?”

“मिस्त्रीने आणून टाकला आज सकाळी. म्हणाला, लवकर भट्टी पेटव आणि जाळ. एरवी कपची उचलली तरी अंगावर येणारा माणूस! मी म्हटलं, देवच पावला.”

मी कमरेची दोरी सोडली, चिऱ्याच्या लांबीला लावली, गाठ मारली. मग रुंदीला लावली, दुसरी गाठ मारली. पोन्सला वाटलं मला ऊन लागलं. लंगडत लंगडत खोपीत आलो आणि ती दोरी गवतातल्या खळग्यावर ताणली.

दोन्ही गाठी बरोबर कडांवर आल्या.

चर्चमधला प्रत्येक चिरा जागेचं माप घेऊन घडवतात. आशारच्या हातून आजवर एकही चिरा जास्तीचा झालेला नव्हता. मग हा कसा उरला? आणि उरला तर त्याच्या जागी भिंतीत काय बसलं?

४

लांद्रिकला दरवानाच्या खोलीत ठेवलं होतं. मी पाव, चीज आणि थोडी वाइन घेऊन गेलो. कोतवालाच्या माणसाने त्याचे हात जेवणापुरते सोडले.

“कशी चाललीय शिकार?” तो म्हणाला.

“बरी चाललीय. तुला भीती नाही वाटत?”

“वाटते ना. मघाशी डोळा लागला तर स्वप्नात डाव्या हाताने टाकी धरून बसलो होतो. नाक कोरायला गेलो आणि कांद्यागत—” तो स्वतःशीच थांबला. “जाऊ दे. डाव्या हाताने गुरं वळता येतात.”

त्याचा आव हसण्याचा होता. तो पाव तोडू लागला. मी त्याच्या बोटांकडे पाहत होतो. बेचक्यांमध्ये कातडी लाल होऊन सोलली होती, मनगटापर्यंत चट्टे उठले होते. असे चट्टे मी दवाखान्यात नेहमी बघतो. नवा गवंडी पहिल्यांदा ओल्या चुन्यात हात घालतो तेव्हा असंच होतं. जुन्या गवंड्याची कातडी निबर झालेली असते. आणि पाथरवट चुन्याला हातच लावत नाही, ते त्याचं कामच नव्हे.

“चुना कुठे लागला रे?”

त्याने हात झग्यात ओढून घेतले.

“लांद्रिक, ती शिळा भिंतीत आहे. तू आणि मिस्त्रीने बसवली. बरोबर? मग बोलत का नाहीस? फादरनीच तो चेहरा दिसू नये असं सांगितलं होतं. भिंतीत आहे म्हटलं की चोरी उरतच नाही. सुटशील!”

तो एकदम उभा राहिला. 

“भिंतीत आहे म्हणालात की ते काय करतील?” त्याने विचारलं. “खात्री करायला भिंत उघडतील. हो ना?”

“उघडतील. मग काय बिघडलं?”

“ब्रदर, मी पाया पडतो तुमच्या,” तो म्हणाला आणि खरोखरच खाली बसला. “माझा हात जाऊ द्या. हात गेला तरी मी जगेन. भिंत उघडू देऊ नका.”

एका दगडासाठी कुणी उजवा हात देत नाही. त्या भिंतीत दगडापेक्षा जास्त काहीतरी होतं.

५

बुधवारी सकाळी रिशिल्दबाई दवाखान्यात आली. एल्वीसची आई, आशार मिस्त्रीची बायको. एका वर्षात तिचे केस पार पिकलेत.

“मिस्त्रींची कंबर धरलीय,” ती म्हणाली. “लेप द्या काहीतरी. या वयात कसली ओझी उचलतात कोण जाणे. गडी काय शोभेला ठेवलेत?”

मी लेप कालवायला घेतला. ती बसून राहिली.

“तुमची चुनखडी जरा मऊ झाली का हो?” मी उगीच विषय काढला. “म्हणजे मिस्त्रींचा स्वभाव. सुट्टी दिली म्हणे गड्यांना.”

ती हसली नाही. “मला एक सांगा ब्रदर. कोल्हे उन्हाळ्यात माती उकरतात का?”

“कुठली माती?”

“एल्वीसची. सणाच्या दुसऱ्या दिवशी गेले तर वरची निळी फुलं सगळी उलटीपालटी. मुळं वर आलेली. मी पुन्हा लावली, पण ती काय जगतात? माती पण खाली बसल्यासारखी झालीय. यांना सांगितलं तर म्हणाले, कोल्हा असेल, आणि तोंड फिरवून बसले. बापाचं काळीज दगडाचं असतं बघा. एकदा बरोबर येत नाहीत तिथे.”

माझ्या हातातला खल तसाच राहिला.

“काय झालं?” तिने विचारलं.

“काही नाही. हा लेप रात्री लावा. गरम कापडाने बांधा.”

ती गेली. मला कळून चुकलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं. मी तडक चर्चमध्ये गेलो.

रंगारी भिंतींना सफेदी देत होते. वेदीमागच्या भिंतीपर्यंत ते अजून पोचले नव्हते. मी गाडीवाट बुजवली होती तिथे उभा राहिलो आणि चिरे एकेक करून पाहू लागलो.

आमच्या खाणीचा दगड शिंपल्यांनी भरलेला आहे. तो खाणीत थर थर निजलेला असतो, आणि भिंतीतही तसाच निजवायचा, ही गवंड्यांची पक्की रीत. उभा बसवला तर पाणी पिऊन त्याचे पापुद्रे सुटतात. त्यामुळे आमच्या भिंतीत शिंपल्या फक्त कडेने दिसतात, बारीक आडव्या रेघांसारख्या. पुतळ्याच्या शिळेची गोष्ट वेगळी. लांब माणूस कोरायचा तर थराच्या सपाट अंगावरच कोरावा लागतो. ती शिळा भिंतीत घातली तर थराचं अंगच समोर येतं.

छातीच्या उंचीवर एक लांब चिरा होता. त्याच्यावर एकही रेघ नव्हती. अख्ख्या शिंपल्या होत्या, वाटोळ्या, उघड्या, जेवायला मांडलेल्या वाट्यांसारख्या.

“तुमच्या वडिलांनी शिकवलं वाटतं,” मागून आवाज आला.

आशार मिस्त्री कंबरेवर हात ठेवून उभा होता.

६

आम्ही दोघं वेदीच्या पायरीवर बसलो. त्याला बसायला वेळ लागला आणि मलाही.

“ती आत आहे,” मी म्हणालो. “नुसती मग्दालेना नाही. एल्वीस पण.”

त्याने मान हलवली.

“भिंतीला दोन पदर असतात ब्रदर. मधे दगडगोट्यांची भर असते. आम्ही भर थोडी कमी घातली. भोवती चुना घातला. तिच्या हाडांचं ओझं असं नव्हतंच काही, आईच्या शालीत मावली. मग लांद्रिकने म्हटलं, तिला एकटी नको. म्हणून मग्दालेनेला तिच्याकडे तोंड करून लावली. निजवली. फादरना चेहरा दिसायला नको होता ना? नाही दिसणार.”

“आणि परवा बिशप या भिंतीला तेल लावणार.”

“बारा जागी लावतात. एक जागा ही. तिच्यापासून हातभर अंतरावर.” तो भिंतीकडे वळला. “मी हे चर्च बांधलं हो. यातला दगड न दगड ओळंब्यात मी लावला. आणि माझ्या पोरीला यात वीतभर जागा नाही?”

मला त्याचा राग यायला हवा होता. नियमाप्रमाणे त्याने फार मोठं पाप केलं होतं. मला फक्त रडू येत होतं.

“पण लांद्रिकचं काय?” मी म्हणालो. “उद्या त्याचा हात जाईल आणि तुम्ही गप्प बसलात!”

“आम्हाला वाटलं, शिळा गेली तर फादरना पीडा टळली असं वाटेल. कोतवाल येईल हे कुणाच्या डोक्यात होतं? कालपासून दोनदा कोतवालाकडे निघालो. दोन्ही वेळा पाय इकडे वळले. लांद्रिकने शपथ घातलीय, बोलायचं नाही. पण मी उद्या बोलणार. त्या पोराचा हात जाऊ देणार नाही. मग काढू दे तिला बाहेर. मग मी तिला घेऊन कुठे जाऊ, तेवढं सांगा.”

तो खरंच उत्तराची वाट बघत होता.

“तुम्ही काही बोलू नका,” मी म्हणालो. “विचारलं तर भिंतीबद्दल बोला. फक्त भिंतीबद्दल.”

७

दुपारी मी मठाधिपतींना आणि कोतवालाला वेदीमागे बोलावलं. पोन्सने तो चिरा गाडीतून आणला. आशार बाजूला उभा होता, लांद्रिक दोन शिपायांच्या मधे.

“चोरी झालेलीच नाही,” मी म्हणालो. “हा चिरा बघा. या भिंतीसाठी घडवला आणि उरला. याचं माप आणि नाहीशा झालेल्या शिळेचं माप एकच. म्हणजे ती शिळा याच्या जागी गेली. भिंतीत बघा, सगळीकडे शिंपल्या कडेने दिसतात, या एका चिऱ्यात अंगाने. ही मग्दालेनेची पाठ. लांद्रिकच्या हाताला चुना लागलाय, कारण लावायला दुसरा माणूस हवा होता. मिस्त्रींच्या कंबरेचं तर सगळ्या गावाला माहीत आहे. फादर, तुम्ही म्हणालात हा चेहरा दिसता कामा नये. त्यांनी तो आत केला. जहागीरदाराची शिळा देवाला वाहिली होती, ती देवाच्याच घरात आहे. दारापेक्षा वेदीच्या जवळ आहे.”

कोतवालाने भिंतीवर बोटाने टकटक केलं, शिंपल्या चाचपल्या, चिऱ्याला गाठी मारलेली दोरी लावून बघितली. निराश झाला बिचारा.

“मग हा गाढव बोलला का नाही?” त्याने लांद्रिककडे बोट दाखवलं.

“हट्टी आहे,” मी म्हणालो. “ओव्हेर्नकडचा.”

कोतवालाला ते पटलं. तिकडच्या लोकांबद्दल त्याचं मत आधीपासूनच वाईट होतं.

फादर मात्र भिंतीसमोर उभे होते. “उपटून काढा ती,” ते म्हणाले. “दगड दगडाच्या ढिगात गेला पाहिजे. वेदीमागे नको.”

लांद्रिकने डोळे मिटले. आशार एक पाऊल पुढे आला.

“काढता येणार नाही फादर. वरची कमान तिच्यावर बसलीय. काढली तर कमान उतरेल, कमानीमागे घुमट.”

हे धादांत खोटं होतं. वाटेवर कमान घालतात ती याचसाठी, की खाली बुजवलेल्या चिऱ्यांवर भार येऊ नये. त्या चिऱ्यावर कबुतराएवढाही भार नव्हता. मला ते कळत होतं. फादरनी या चर्चची प्रत्येक कमान बांधताना पाहिली होती, प्रत्येक वेळी मिस्त्रीशी हुज्जत घातली होती. त्यांनाही ते कळायला हवं होतं.

ते बराच वेळ कमानीकडे बघत राहिले.

“गिरबेर,” ते वळून न बघता म्हणाले, “शिळेच्या मागे काय आहे?”

“भर असते फादर. सगळ्या भिंतींत असते.”

दूर एक रंगारी सफेदीचं भांडं ढवळत होता.

“मिस्त्री म्हणतात तर असेल,” फादर म्हणाले. “याला सोडा. आणि रंगाऱ्याला सांगा, आज ही भिंत आधी घ्यायची.”

लांद्रिकच्या दोऱ्या सोडल्या. तो भिंतीपाशी गेला नाही. जाता येत नव्हतं, लोक बघत होते. त्याने फक्त आशारला खांद्याला धरून बाहेर नेलं आणि त्याच संध्याकाळी हत्यारांची पिशवी पाठीला मारून दक्षिणेच्या रस्त्याला लागला. चर्च पवित्र होताना बघायलाही थांबला नाही. मला म्हणाला, “तिथे उभं राहून गप्प बसायला मला जमणार नाही.”

८

शुक्रवारी बिशप आले. गाणी झाली, धूप झाला. भिंतीवर काढलेल्या बारा क्रुसांना एकामागून एक पवित्र तेल लागलं. वेदीमागच्या क्रुसावर बिशपांचा अंगठा टेकला तेव्हा आशार मिस्त्री गुडघ्यांवर आला आणि उठलाच नाही. लोकांना वाटलं, आयुष्याचं काम पुरं झालं म्हणून भरून आलं.

रिशिल्दबाई त्याच्या शेजारी नव्हती. सोहळा अर्धा असतानाच ती उठून गेलेली मी पाहिली होती. आशारनेही पाहिली होती. त्याने तिला थांबवलं नाही. थांबवून सांगणार काय? ती दर शनिवारी फादरपुढे पापं कबूल करते, स्वप्नात कुणाला शिवी दिली तर तीही सांगते. तिच्या पोटात हे राहिलं नसतं, आणि एकदा कबुलीत ऐकल्यावर फादरना कमानीकडे बघत उभं राहता आलं नसतं. आशारने माझ्याकडून वचन घेतलं होतं, तिला कधीच कळू द्यायचं नाही.

मी नदीकडे गेलो. ती वाळुंजाखाली बसली होती. सणाची चांगली ओढणी होती अंगावर, गुडघे मातीत. निळी फुलं सगळी मेली होती, ती नवी लावत होती.

“एवढे मोठे बिशप आले,” ती म्हणाली. “दगडाला तेल लावलं. चुन्याला लावलं. मला तिथे बसवेना. हिला तेवढं कुणी विचारलं नाही.”

मी तिच्याजवळ बसलो.

“ब्रदर, नियम मला माहीत आहे,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “पण इथे कुणी नाही. एकदा, हळू आवाजात, मेलेल्या माणसाची प्रार्थना म्हणाल का? अर्धी म्हटली तरी चालेल.”

मला नाही म्हणायचं कारण नव्हतं. त्या मातीत कुणीच नव्हतं, कुठलाही नियम मोडणार नव्हता. मी म्हटली. अर्धी नाही, सबंध म्हटली, मोठ्याने म्हटली. पाणी शिंपडायला नदीचंच घेतलं. रिकाम्या जमिनीवर मी शांती मागत होतो, आणि शेजारी ती बाई तोंडात पदर कोंबून रडत होती. वर्षभर तिला कुणी असं रडू दिलं नव्हतं. मला माझी इतकी लाज वाटत होती की शब्द अडखळत होते. तिला वाटलं, मलाही रडू येतंय.

संपल्यावर तिने माझा हात कपाळाला लावला.

“तुमचे उपकार मी विसरणार नाही,” ती म्हणाली. “आज माझी पोर जागेला लागली. आता रोज येईन मी. आधी येववत नव्हतं हो, वाटायचं, ती माझ्यावर रुसलीय. आता येईन. पाऊस असो, बर्फ असो.”



ती पुन्हा वाकली आणि दोन्ही तळहातांनी माती थोपटू लागली, हळूहळू, अंगाई म्हणत असल्यासारखी.